तुमचा ‘सुखद गारवा’ आमच्या रॅकवर पडला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर चार कॉलमी फोटो होता. दोन मुली तळहात पुढे करून पाऊस झेलतायत, आणि वर मथळा : ‘अवकाळीच्या सरींनी सुखद गारवा, उकाड्याने हैराण नागरिकांना दिलासा’. फोटो छान आहे, छायाचित्रकाराला माझा नमस्कार सांगा. मला मात्र तो दुपारी दोनला बघायला मिळाला, कारण उजाडल्यापासून आम्ही घरचे चौघे आणि मजुरांच्या टोळीतले सहाजण बेदाणा शेडमध्ये (द्राक्षं वाळवायला जाळ्यांचे मजले, म्हणजे रॅक, उभारलेले असतात तिथे) पावसाने भिजलेल्या जाळ्या झटकत होतो.

आतल्या पाचव्या पानावर याच पावसाला ‘वळीव’ म्हटलंय. एकाच अंकात एकाच पावसाची दोन नावं! वळीव वैशाखातला. त्याची शेतकरी वाट बघतो, त्यावर नांगरट होते. पाडव्याच्या आसपास रॅकवर माल असताना येतो तो वळीव नव्हे. असो, हा मुद्दा नाही.

मुद्दा त्या आठवड्याचा आहे. सोमवारच्या अंकात हवामानाचा कोपरा होता (सोन्याच्या भावाखाली, काडेपेटीएवढा) : ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता’. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आता मध्य महाराष्ट्र म्हणजे काय, तर हवामान खात्याच्या हिशेबात नंदुरबार, धुळे, जळगावपासून खाली सांगली-कोल्हापूरपर्यंतचा सगळा पट्टा. सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटरच्या वर. आणि ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर. म्हणजे पाऊस नंदुरबारला पडला तरी अंदाज खरा, आमच्या तासगावला पडला तरी खरा. असा अंदाज मीही चहा पिता पिता देऊ शकतो.

तरीही मी विश्वास ठेवला. मंगळवारी दुपारी शेडचे चारी बाजूंचे पडदे सोडले, वरून ताडपत्री ओढून दोऱ्या आवळल्या. बुधवारी दिवसभर तसंच. थेंब आला नाही. पण बंद शेडमध्ये काय होतं हे शहरातल्या मंडळींना कोणी सांगत नाही. द्राक्ष डिपिंग ऑइल (लवकर वाळावं म्हणून लावतात ते तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरलं की त्याला बारा-पंधरा दिवस सावली आणि खेळता वारा लागतो. वारा अडला की माल घाम धरतो. बुधवारी संध्याकाळी मधल्या मजल्यावर हात फिरवला तर मणी चिकट लागले, दोन ठिकाणी आंबूस वासही आला. म्हणजे पाऊस आला नाही तरी इशारा आम्हाला फुकट पडत नाही. आणि पडदे सोडायला माणसं लागतात, उघडायलाही लागतात.

गुरुवारी सकाळी सगळं उघडलं. शुक्रवारच्या अंकात पावसाचा शब्द नव्हता. त्याऐवजी ‘पारा चाळिशीपार’, स्कार्फ गुंडाळलेल्या दुचाकीस्वार मुली, ताक प्या, दुपारी बाहेर पडू नका. मी निर्धास्त झालो.

दुपारी तीनच्या सुमारास आमची आई सोप्यातून म्हणाली, “वारं फिरलंय रं, पूर्वेकडनं येतंय. पडदं सोड.” मी हसलो. तिच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, ती हे दर दोन दिवसांनी म्हणते, त्यामुळे तिचाही अंदाज ‘तुरळक ठिकाणी’च असतो. साडेचारला वारा एकदम पडला. पाने हलेनात. पाचला पूर्वेकडून धुळीचा लोट आला आणि आम्ही पडद्यांकडे धावलो. उत्तरेचा पडदा सुटला, पूर्वेचा निम्म्यावर अडकला, दोरी गाठीत बसली होती. टोळीतला एक पोरगा रॅकवर चढून ती दातांनी सोडवत होता तेव्हा पहिली गार पत्र्यावर वाजली. बोराएवढ्या गारा, वीस मिनिटं. पाऊस आडवा येत होता, त्यामुळे वरची ताडपत्री असून नसल्यासारखी. पूर्वेच्या बाजूचे अकराच्या अकरा मजले भिजले. नवव्या-दहाव्या दिवसाचा माल, अजून पाच दिवसांत वाळून जाळीवरून झाडायला आला असता.

भिजलेला बेदाणा तुम्ही पाहिलाय का, महोदय? हिरवा मणी आधी फुगतो, दुसऱ्या दिवशी तांबूस होतो, तिसऱ्या दिवशी काळा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे एक किलो काळा पडला की चार किलो गेले, वर औषध, मजुरी, वीज वेगळी. काळ्या मालाला काय भाव मिळतो ते सौद्यात (बेदाण्याच्या लिलावात) बसणाऱ्यांना विचारा. आणि हा तोच बेदाणा, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण ‘सांगलीचे सोने’ असा मथळा दिला होता. ते कात्रण अजून आमच्या शेडमध्ये चिकटवलेलं आहे. शुक्रवारी तेही भिजलं.

खरी चीड पुढेच आहे. रात्री पुतण्याने फोनवर दाखवलं. हवामान खातं रोज पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार तक्ता काढतं, रंग भरून. हिरवा, पिवळा, केशरी, लाल. गुरुवारी दुपारच्या तक्त्यात सांगलीच्या चौकोनात शुक्रवारसाठी पिवळा रंग होता! मेघगर्जना, वादळी वारा, गारपीट, सगळं लिहिलेलं. म्हणजे खात्याने सांगितलं होतं. गाळलं तुमच्या टेबलावर. ‘पारा चाळिशीपार’ला जागा हवी होती म्हणून गाळलं की जाहिरात आली म्हणून, ते तुम्हालाच माहीत.

ढग नेमका कुणाच्या शेतावर फुटणार हे दोन दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही, एवढं मला कळतं. उत्तरेचा कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागराकडचा दमट वारा आपल्या डोक्यावर भेटले की चार तासांत आभाळ बदलतं, हे आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. मी गावाचं नाव मागत नाही. जिल्ह्याचा रंग मागतोय, जो तयार आहे आणि फुकट आहे. फोनवर बघा म्हणाल तर, ज्या वयात मी आहे त्या वयात माणूस सकाळी पेपर उघडतो. त्यासाठीच महिन्याचं बिल भरतो.

जागेचं म्हणाल तर राशिभविष्याला पाव पान आहे. शुक्रवारी माझ्या राशीला ‘पाण्यापासून जपा’ असं होतं. त्या दिवशी आपल्या संपूर्ण अंकात पावसाचा इशारा म्हणावा असा तेवढाच.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्याला झोडपलं तेव्हा ‘इशारा बांधापर्यंत पोचला पाहिजे’ असा अग्रलेख आपल्याच दैनिकात वाचल्याचं आठवतं. चांगला होता. बांध जागेवरच आहे.

काल पंचनाम्याला माणसं आली. वेलीवरची द्राक्षं बघितली, लिहून घेतलं. शेडकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “काका, हा माल तुटलेला आहे. हा शेतीत बसत नाही, प्रक्रियेत बसतो.” म्हणजे शुक्रवारी मी पाच वाजता शेतकरी नव्हतो, कारखानदार होतो. याची बातमी कराल का? फोटो मी देतो. त्यात मुली नाहीत, पण पावसाचे परिणाम स्पष्ट दिसतात.

आपला नियमित वाचक,
एक बेदाणा उत्पादक,
तासगाव तालुका, जि. सांगली

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. पुढच्या आठवड्यात उरलेला माल सौद्याला न्यायचा आहे. तिथे बॉक्स फोडून मूठ-मूठ बेदाणा टेबलावर उधळतात, खाली सांडलेला कुणाच्या पोत्यात जातो ते कुणी बोलत नाही, आणि तूट मात्र आमच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) धरली जाते. त्यावर वेगळं पत्र लिहिणार आहे. तेही छापलं नाहीत तर निदान त्या दिवशीचा पिवळा रंग छापा.