मंत्री महोदय, माझ्या आईचं नाव सात प्रश्नचिन्हं नाहीये

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आईचा पेन्शनचा अर्ज काल तिसऱ्यांदा परत आला, कारण "नाव जुळत नाही". जुळणार कसं? फॉर्ममध्ये नाव आम्ही नीट मराठीत भरतो, पण पोर्टलवरून जी पावती निघते तिच्यात नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं, आणि तीच पावती जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. "पंधरा दिवसांत दुरुस्त होईल" असं लेखी उत्तर तुमच्याच खात्यानं दिलं होतं. आज चौथा महिना चालू आहे.

मी वेब ॲप्लिकेशनचंच काम करते, म्हणून रिस्पॉन्सचा हेडर, म्हणजे सर्व्हर पानाच्या आधी पाठवतो ती माहिती, उघडून बघितला. पानाचा प्रकार सांगणाऱ्या कंटेंट-टाइपमध्ये टेक्स्ट/एचटीएमएल आणि पुढे आयएसओ-८८५९-१, हा एक जुना अक्षरसंच. हे कुणी मुद्दाम लिहिलेलं नसणार, जावाच्या सर्व्हलेटला, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं पाठवायची ते, सांगितलंच नाही तर ते हेच धरून चालतं. त्या अक्षरसंचात जेमतेम २५६ जागा, सगळ्या पश्चिम युरोपातल्या भाषांपुरत्या, आपला एक "म" सुद्धा बसत नाही. मग सर्व्हर तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळा. नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसली असती तर मी म्हटलं असतं बाइट, म्हणजे मूळ डेटा, शाबूत आहेत, लेबल चुकलंय, वाचता येईल. प्रश्नचिन्ह आलं की त्या पावतीतलं अक्षर गेलंच, ते ब्राउझरलाही परत आणता येत नाही. पानाच्या आतल्या मेटा टॅगमध्ये कुणीतरी यूटीएफ-८, म्हणजे मराठीही मावणारं एन्कोडिंग, लिहून ठेवलंय, त्याचा काही उपयोग नाही, हेडरपुढे मेटा टॅगचं चालत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे हो! कोडमध्ये रायटर, म्हणजे पानाचा मजकूर लिहिणारा भाग, मागायच्या आधी कंटेंट-टाइपमध्ये यूटीएफ-८ सांगायचं. आधीच, कारण नंतर सांगितलं तर सर्व्हर ऐकत नाही. यूटीएफ-८ १९९२ मध्ये तयार झालं, आणि अजून आम्ही आमच्या नावासाठी भांडतोय.

हेल्पलाइनवर आईला सांगितलं, "आजी, नाव इंग्रजीत भरा." चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यभर मराठीत सही केली, फोन ठेवून गप्पच बसली, त्या दिवशी जेवली पण नाही. मला त्याचा राग जास्त आहे. कंत्राट देताना, टेस्टिंग करताना, बिल पास करताना एकानंही एक मराठी नाव टाइप करून पावती काढून बघितली नाही का? चूक यंत्रणेची आणि खेटे मात्र आम्ही घालायचे, प्रत्येक खात्यात हेच चाललंय.

आईचा अर्ज मूळ तारखेनं पुन्हा उघडा. आणि "नाव जुळत नाही" म्हणून परत पाठवलेले बाकीचे अर्जही शोधा. डेटाबेसमध्ये नावं अजून शाबूत असतील तर पावत्या नव्यानं काढता येतील, पण ते आत्ताच तपासायला हवं.

आपली,
एक अर्जदाराची मुलगी