चि. ओंकारास

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल मी रागाने फोन ठेवला, ठेवायला नको होता. पण रात्री पावणेदोनला तू ऑफिसात होतास आणि हा तिसरा आठवडा. जेवलास का, हेही विचारायचं राहिलं.

तू म्हणालास, क्लायंटने ऐनवेळी मागणी बदलली. मला वाटतं, बदलली नाही. आधी कुणी नीट विचारलीच नव्हती. तुझ्या स्पेकमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्या कागदात, 'सिस्टीम योग्य ती सवलत देईल' असं वाक्य होतं. दिवाळीत दाखवलंस तेव्हाच मला ते खटकलं होतं. योग्य म्हणजे किती? ठरवणार कोण? एकाच गिऱ्हाइकाला दोन सवलती लागू झाल्या तर? हे प्रश्न कागदावर सुटले नाहीत की रात्री दोनला सोडवावे लागतात.

कारखान्यात ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करून घेतलं, तेव्हा कागद मीच लिहिला होता. 'बिलातून सोसायटीची बाकी वजा करावी.' एवढंच. बाकी बिलापेक्षा जास्त निघाली तर काय, ते लिहिलं नाही. पहिल्याच पंधरवड्यात एक आजोबा खिडकीशी आले. धोतराच्या सोग्यात बांधलेली पावती सोडून त्यांनी माझ्यापुढे सरळ केली. अदा रक्कम: वजा 1,840. "बाई, ऊस घालून वर मीच देणं लागतो का?" तो थरथरता अंगठा अजून दिसतो मला.

तेव्हापासून प्रत्येक नियमाखाली मी आकडे घालून उदाहरण लिहायची. बिल 10,000, बाकी 12,000, हातात शून्य, उरलेले 2,000 पुढच्या बिलातून. नियम वाचून मान डोलावणारे हिशेबनीस आकडे पाहिल्यावर म्हणाले, "छे, असं नसतं हो, थोडे तरी हातात द्यावेच लागतात!" ते मला दुसरं कोण सांगणार होतं?

नुसतं लिहूनही भागत नाही. तू पाळण्यात होतास, सप्टेंबर 1999, तेव्हा नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं. यानाच्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे हे कागदावर होतं. पृथ्वीवरच्या एका प्रोग्रामने ते पाउंड-सेकंदात दिले. कुणी ताडून पाहिलं नाही.

पुन्हा शिकवायला लागले बघ. रागावू नकोस. तुझ्या त्या डॉक्युमेंटचं पहिलं पान, 'लेखक' या रकान्यात तुझं नाव असलेलं, मी प्रिंट काढून कपाटात ठेवलंय, बाबांच्या घड्याळाशेजारी. त्यांचीही जागरणंच चालली होती. ॲसिडिटी आहे, म्हणायचे.

उद्या क्लायंटकडे बिलं करायला जे बसतात त्यांनाच फोन कर. दोन सवलती एकदम लागल्या तर तुम्ही हाताने काय करता, एवढं विचार आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. मग मला पाठव, मी वाचते.

शुभामावशीबरोबर डबा पाठवलाय, लाडू खालच्या कप्प्यात आहेत. आज अकराला आडवा हो. झोपताना एक मेसेज टाक, मी जागी आहे.

तुझी,
आई