सरपणाच्या फोनबद्दल

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

आपली ओळख तशी गणपतीतल्या प्रसादाच्या रांगेपुरती. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरात स्प्रिंगवूडला राहते, वणवे विझवणाऱ्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये स्वयंसेवक आहे, असं तुम्ही सांगितलंत आणि "डोंगराकडे आलीस तर आधी फोन कर" म्हणून नंबर दिलात. मी तो जपून ठेवला आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन करून विचारलं, "ताई, ग्लेनब्रूकच्या आसपास सरपण कुठे मिळेल? की तिथंच जंगलात गोळा करता येतं?"

आई-बाबा पाटणहून आले होते. ग्लेनब्रूकजवळच्या राष्ट्रीय उद्यानात युरोकाच्या मैदानावर तंबू ठोकायचा, तिथल्या लोखंडी कड्यात जाळ करायचा, वांगी भाजायची, कांगारू चरताना आईला दाखवायचे, असा बेत. जागेचं बुकिंग झालेलं, वांगी डिकीत. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि विचारलंत, "उद्याचं पाहिलंस का?"

"पाहिलं ना. थेंबभर पाऊस नाही."

"पावसाचं नव्हे गं. वाऱ्याचं."

त्या दुपारीच सिडनी परिसरासाठी टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर जाळ करायला पूर्ण बंदी, जाहीर झाला होता, मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत. मला पत्ता नव्हता. रस्त्याकडेचा तो आगीचा धोका दाखवणारा रंगीत अर्धगोल फलक मी येता-जाता बघायचे, पण पेट्रोलपंपाची जाहिरात बघावी तसा. त्यावरचे मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक हे चार टप्पे तुम्ही मला पहिल्यांदा नीट समजावलेत. काटा कुठे आहे ही एक गोष्ट, बंदी आहे की नाही ही दुसरी. बंदी असेल तर काटा खाली दिसला म्हणून काडी ओढायची नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानं आपली वेगळी पार्क फायर बॅन लावतात. म्हणजे घरामागच्या अंगणात बार्बेक्यू चालू असेल, पण उद्यानात लाकूड पेटवायला मनाई. आणि उद्यानातली फांदी, वाळकी का असेना, सरपण म्हणून उचलायचीच नाही. मी मध्येच म्हटलं, "मग आमची छोटी गॅसची शेगडी नेते." टोटल फायर बॅनच्या दिवशी स्वतःची शेगडीही तिथे पेटवायची नाही, हे तुम्ही न हसता सांगितलंत. त्याबद्दल वेगळे आभार.

मग बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. बाबांनी तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पुढची चाळीस मिनिटं फोन त्यांच्याकडेच होता. ते कोयनेकडच्या जाळरेषा सांगत होते: उन्हाळा लागायच्या आत गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे वणवा तिथे अडतो, आणि आलाच तर हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायचा. तुम्ही म्हणालात, इथेही थंडीत ठरवून रान जाळतात, पण इथली आग डहाळ्यांना जुमानत नाही. निलगिरीच्या पानांत तेल, खोडाला लोंबणाऱ्या सालीच्या पट्ट्या. त्या पेटल्या की वाऱ्याबरोबर कितीतरी पुढे उडतात आणि आगीच्या आधी आग पोचते. २०१९च्या ऑक्टोबरात वोलेमी राष्ट्रीय उद्यानात वीज पडून लागलेल्या आगीने पाच लाख हेक्टरांहून जास्त रान खाल्लं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा खुर्चीत बसले. १९९४ मध्ये सापडलेल्या वोलेमी पाइन या दुर्मिळ झाडांना वाचवायला माणसं हेलिकॉप्टरने दरीत उतरवली, पाण्याची व्यवस्था केली, आणि ती झाडं कुठे आहेत ते आजही गुपित आहे, हे ऐकून मात्र ते खूश झाले. "पत्ता लपवून ठेवतात? शहाणे आहेत," एवढंच म्हणाले. तो उन्हाळा सरल्यावर तुम्ही फायर सर्व्हिसच्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे स्थानिक पथकात, नाव घातलंत, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. वांगी शेवटी घरीच गॅसवर भाजली. भरिताला धुराची चव नव्हती, पण तक्रार कुणी केली नाही.

दुसरा प्रयत्न फेब्रुवारीत. या वेळी मी शहाणपणा केला. काटा पाहिला, बंदी नाही हे पाहिलं, आदल्या रात्रीही पाहिलं आणि सकाळी निघतानाही. तुम्हाला मेसेज टाकला, तर उत्तर आलं, "उद्यानाच्या अलर्टचं पान पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. चार दिवसांच्या पावसाने ग्लेनब्रूक ओढ्याचं पाणी कॉजवेवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या फरशीवरून, वाहत होतं आणि गाड्यांचा रस्ता बंद. आग नाही तर पाणी! आई म्हणाली, "देवाच्या मनात नाही." मला वाटतं, देवाच्या मनात होतं, माझ्या फोनवर ते पान उघडलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एकदाचे पोचलो. ३१ मार्चला आगीचा अधिकृत हंगाम संपला म्हणून मी निर्धास्त होते. हंगाम संपला तरी बंदी कधीही लागू शकते, हे तुम्ही आठवण करून दिलंत, म्हणून तेही पाहिलं. सरपण विकतचं, पाणी घरून भरून नेलेलं. कांगारू तंबूपासून वीस पावलांवर आले. आईने भाकरी थापली. झोपायच्या आधी बाबांनी विस्तवावर पाणी ओतलं, काठीने राख ढवळली, पुन्हा ओतलं आणि शेवटी तळहात ठेवून बघितला. मी म्हटलं, माती टाकू या की. "माती टाकली की खाली निखारा झोपून राहतो," म्हणाले. तुम्हीही फोनवर हेच सांगितलं होतंत, जवळजवळ याच शब्दांत.

आई-बाबा मागच्या आठवड्यात परत गेले. आईने तुमच्यासाठी जवसाच्या चटणीची बरणी करून ठेवली आहे. येत्या रविवारी आणून देते. स्प्रिंगवूडला यायला कॉजवे लागत नाही, हे नकाशात पाहून ठेवलंय.

तुमची,
सरपणवाली