लिंक न दाबताही फोनात शिरता येतं, त्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात सायबर फसवणुकीवर येतं ते मी नेहमी वाचतो, ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक दाबू नका, सगळं बरोबरच आहे, पण दरवेळी चूक गिऱ्हाईकाचीच हे वाचून आता कंटाळा आलाय. माझं देवगडजवळ मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. चाकरमानी मुलगा मुंबईत नवीन फोन घेतो, जुना गणपतीला येताना आईला देतो, आणि त्या फोनला कंपनीचा शेवटचा अपडेट येऊन तीन-चार वर्षं झालेली असतात. आई बिचारी लिंक दाबतच नाही (दाबतो तो मुलगाच, पण ते असो).

सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं बघा. वेबपी नावाचा फोटोचा प्रकार आहे, तो उघडून दाखवणारा तयार कोड एका फुकट लायब्ररीत मिळतो आणि सगळे तोच वापरतात, म्हणजे आमच्याकडे गवंडी वेगवेगळे पण चिरा एकाच खाणीतला, तसं. त्यात चूक निघाली. मुद्दाम बिघडवलेला फोटो नुसता समोर आला तरी डेटा ठरलेल्या कप्प्याबाहेर मेमरीत लिहिला जायचा, पाटाचं पाणी आपल्या माडाच्या आळ्यात न थांबता शेजाऱ्याच्या आळ्यात जावं तसा, आणि त्यातूनच हल्लेखोराला आपला कोड घुसवता येत होता. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळ्यांची एकदम धावपळ, आणि दुरुस्ती यायच्या आधीच कोणीतरी ती चूक वापरत होतं.

२०१४ ची हार्टब्लीड नावाची चूक याच्या उलटी. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल नावाची लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरला एक अक्षर पाठवायचं आणि सांगायचं की हे ६४ केबी आहे, परत दे. सर्व्हर न मोजता शेजारच्या मेमरीतलं काय असेल ते, पासवर्डसकट, देऊन मोकळा. अहो, आमच्याकडे पेटीतले आंबे मोजल्याशिवाय कोण पैसे देतं का?

सी आणि सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये मेमरीची ही मोजदाद प्रोग्रामरनेच ठेवायची असते आणि माणूस चुकतोच. रस्टसारख्या भाषा ती स्वतः ठेवतात. गुगलने नवीन कोड असल्या भाषांत लिहायला घेतल्यावर अँड्रॉइडच्या सुरक्षेतल्या चुकांमध्ये मेमरीच्या चुका २०१९ मध्ये ७६ टक्के होत्या त्या २०२४ मध्ये २४ वर आल्या. छानच, पण आईच्या जुन्या फोनला त्याचा काय उपयोग? क्रोम प्ले स्टोअरवरून अपडेट होईल, सिस्टीमच्या आतला कोड कंपनीने पाठवला तरच बदलणार.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कंपनीला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडे खोक्यावर मेगापिक्सल एवढ्या मोठ्या अक्षरात छापतात, तिथेच औषधाच्या एक्सपायरीसारखी ही तारीख छापायची सक्ती करा, एवढीच मागणी आहे. आणि सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख कुठे बघायची तेही तुमच्या पेपरात एकदा छापा.

गेल्या गणपतीत एका काकूंच्या फोनात बघितली तर २०२१ ची निघाली. तिथूनच मुलाला फोन लावून दिला, तर तो म्हणतो, "अजून चलता हा मां, मग?"

आपला,
एक रिपेरिंगवाला वाचक, ता. देवगड