पैसे परत पाठवले, पीठ ठेवून घेतले

डोंबिवली

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही माझ्या खात्यात भरलेले दहा हजार रुपये मी काल परत पाठवले आहेत. तुमच्या मायेचा अव्हेर केला, असे कृपा करून मानू नका. पगार कमी झाला हे खरे आहे, आणि त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मार्चपासून थांबवावे लागले हेही खरे आहे. परंतु आमचे जेवणाचे हाल होतात असे जे कोणी दापोलीपर्यंत पोहोचवले आहे, ते मात्र खरे नाही.

रात्रीचा स्वयंपाक आता मी करतो. आई, हे वाचून सुनेबद्दल मनात काही आणू नकोस. मी साडेसहाला घरी येतो आणि ती आठला, एवढेच त्याचे कारण आहे. पहिल्या दिवशी मी कुळथाचे पीठ थेट उकळत्या पाण्यात सोडले आणि पातेल्यात नुसत्या गुठळ्या झाल्या, तेव्हा तू फोनवर किती वेळ हसत होतीस! आता पीठ आधी गार पाण्यात कालवून ठेवतो, ठेचलेला लसूण तेलात लाल होऊ देतो, मग पाणी, दोन आमसुले आणि कालवलेले पीठ. कुकरमधला भात होईपर्यंत पिठी तयार असते. चौघांचा पिठी-भात आणि भाजलेले पापड यांचा खर्च मी एकदा वहीत मांडला. तू पाठवलेल्या पिठाची बाजारभावाने किंमत धरूनही तो साठ रुपयांवर गेला नाही. हेच जेवण बाहेरून मागवले असते, तर पाचशेची नोट पुरली नसती.

रोज पिठीच असते असे समजू नका. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ घातलेली खिचडी होते, आणि तिच्यावर तूप-मेतकूट घेतल्याशिवाय धाकटी जेवायला बसत नाही. सकाळचे वरण उरले असेल, तर त्यात पाणी वाढवून कणकेचे तुकडे सोडायचे, म्हणजे सोलापूरच्या चकोल्या होतात. ही विद्या अर्थातच तुमच्या सुनेच्या माहेरची आहे. बुधवारी सुका जवळा कांद्यावर परततो, तोही खिडक्या सताड उघडून, कारण शेजाऱ्यांना त्या वासाचे सुख कळत नाही. पालेभाजी आठवड्यातून दोनदाच होते, हे मात्र मान्य करतो.

हे सगळे मी नव्याने शिकलो असे मला वाटत होते, पण फळीवरचा पिठाचा डबा उघडला की आपल्या घरातली आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, आठवते. मे महिन्यात अंगणभर वाळत घातलेली आमसुले, पडवीत टांगलेल्या कांद्याच्या माळा आणि त्यांवर पहारा करायला बसवलेला मी. बाबा, तुम्ही शेवटची एसटी डेपोत लावून भिजत घरी यायचा, वीज गेलेली असायची, आणि तुम्ही पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत आई वाफाळती पिठी वाढत असे. मी झोपेतून उठून तुमच्या ताटाशी येऊन बसायचो आणि पहिला भुरका माझा असायचा. एकदा मात्र 'रोज काय पिठी' म्हणून मी ताट सरकवले होते. आई, तू काही बोलली नाहीस, फक्त माझ्या भातावर तुपाची धार सोडलीस. तुझ्या भातावर तूप नव्हते, हे मला आता चाळिशीत लक्षात येत आहे.

आता माझे ऐका. तुम्ही दोघे हल्ली रात्री चहा-बटर खाऊन झोपता, असे ताईकडून कळले. 'दोघांसाठी काय शिजवायचे' हे कारण मला चालणार नाही. लहान कुकरमध्ये मूठभर मुगाची डाळ आणि मूठभर तांदूळ लावायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि ते बाबांनीच लावावे; मला जमते तर त्यांनाही जमेल. बाबांच्या पानात खारा बांगडा वाढू नकोस. कोकमाच्या आगळात मुळातच मीठ असते, तेव्हा सोलकढीत वरून घालू नये. मी रागावून लिहीत नाही, पण रक्तदाबाची गोळी घेऊन त्यावर लोणचे खाण्यात काय अर्थ आहे, हे बाबांनीच मला समजावून सांगावे.

परत आलेल्या पैशांतून आईचा खांदा डॉक्टरांना दाखवून घ्या. यंदा कुळीथ त्या मोठ्या कढईत भाजत बसू नकोस. ताई भाजून देईल आणि गिरणीतून दळून आणील, तिच्याशी माझे बोलणे झाले आहे. पीठ थोडे जाडसर राहिले तरी आम्ही कुरकुर करणार नाही. बाबांनी डबे काढायला माळ्यावर चढायचे नाही.

मागच्या वेळचा पिठाचा डबा ताईबरोबर पाठवत आहे. डबा रिकामा परत करू नये ही तुझीच शिकवण, म्हणून त्यात सुनेने केलेली शेंगांची चटणी भरली आहे. तिखट आहे, बाबांना बेताने वाढ.

तुमचा,
बाळू