स्वतःच्या हाताने घर बांधणाऱ्याचा कर परत करा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : राहण्यासाठी स्वतः घर बांधणाऱ्या ग्रामीण कुटुंबाने बांधकाम साहित्यावर भरलेला वस्तू व सेवा कर परत मिळण्याबाबत.

महोदया,

सविनय नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात कापूस पिकवणारा शेतकरी आहे. घराच्या साहित्याची बिले फाइलमध्ये लावून मी गेल्या आठवड्यात एका कार्यालयात गेलो आणि यातल्या कराचा काही भाग परत मिळतो का, एवढेच विचारले. खिडकीमागच्या साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे का? नाही ना? मग तुम्ही करदातेच नाही, परतावा कसला मागता?" असे सांगून त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावले. मी करदाता नाही हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागले आहे, म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

माझ्या फाइलमध्ये काय आहे ते आधी सांगतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर सपरी (ओसरी) एवढे घर आहे. सिमेंट सुमारे एक लाखाचे लागले, आणि त्यातले बहुतेक २८ टक्के कर होता त्या काळातले असल्यामुळे एकट्या सिमेंटवर वीस हजारांच्या आसपास कर गेला. लोखंड दीड लाखाचे आहे, त्यात १८ टक्क्यांनी बावीस हजारांहून जास्त कर आहे. टाइल, पाइप, वायर, बटणे, नळ आणि रंग मिळून सव्वा लाख धरले तर त्यात आणखी एकोणीस हजार निघतात. रेती, गिट्टी आणि विटा मी हिशेबात धरलेल्याच नाहीत. हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, परंतु साठ हजार रुपये मी सरकारला दिले आहेत. यंदाच्या हमीभावाने ही रक्कम सात-आठ क्विंटल कापसाची होते, आणि आमच्याकडे कोरडवाहू दोन एकरांतून एवढाच कापूस घरी येतो. दोन एकरांचे पीक ज्याने सरकारजमा केले, त्याला करदाता म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

हे घर आम्ही ठेकेदाराकडून बांधून घेतलेले नाही, कारण ते परवडणारे नव्हते. कॉलम आणि स्लॅबच्या वेळी मिस्त्री लावला आणि बाकीचे काम मी, माझी पत्नी आणि माझा धाकटा भाऊ यांनी केले. आमची जमीन काळी कसदार आहे. कापसाला ती चांगली असली तरी घराला वैरी आहे, कारण पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरवर भरलेला पाया दोन-तीन वर्षांत हलवून टाकते. गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतात, त्या यामुळेच. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते, काळी माती काढून मुरुमाचा भराव करावा लागतो आणि कॉलम एकमेकांना जोत्याच्या आडव्या तुळईने, म्हणजे प्लिंथ बीमने, बांधावे लागतात. खडकाळ जमिनीवर घर बांधणाऱ्याला जे लोखंड आणि सिमेंट लागतच नाही, ते आम्हाला जमिनीखाली पुरून टाकावे लागते, आणि त्या पुरलेल्या लोखंडावर १८ आणि सिमेंटवर २८ टक्के आपण घेतले आहेत.

कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा आम्ही रात्री दिव्याखाली वाकवल्या. रिंगेचे हूक नुसते काटकोनात वळवून चालत नाही, ते आतल्या बाजूला पूर्ण वळले पाहिजे, नाहीतर कॉलमवर जोर आला की रिंग उघडते, हे मिस्त्रीने एकदा दाखवले आणि मग आम्ही ते पाठ केले. पातळी बघायच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चौकटीची पातळी बोटभर चुकते, म्हणून पत्नी एका टोकाला पाइप धरून उभी राहायची आणि पाणी स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची. सिमेंटने आमच्या दोघांच्याही हातांची कातडी फुटली. स्लॅब उन्हाळ्यात पडला. आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्या उन्हात ताज्या काँक्रीटचे पाणी तोडले तर त्यावर जाळीसारखे तडे पडतात, म्हणून स्लॅबवर मातीचे वाफे बांधून ते भरलेले ठेवावे लागले. गावाच्या नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना तराईचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे, पाणी आम्ही शेतातल्या विहिरीवरून बैलगाडीत ड्रम ठेवून आणले. या सगळ्या मजुरीवर आपण कर घेतला नाही, हे मी मान्य करतो, आणि तिचा हिशेबही कोणी ठेवलेला नाही.

आता आपल्या वचनाबद्दल बोलतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र आणि राज्ये मिळून कर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेने सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. घर बांधणे स्वस्त होणार, असे त्या दिवसांत सगळीकडून ऐकू आले. प्लॅस्टर आणि फरशीचे सिमेंट घ्यायला मी मुद्दाम त्या तारखेपर्यंत थांबलो होतो. दुकानात गेलो तेव्हा भाव जवळजवळ जुनाच होता. पक्के बिल मागितले, तर पक्क्या बिलाचा भाव वेगळा आणि साध्या चिठ्ठीचा वेगळा, असे उत्तर मिळाले. दहा टक्के कुठे गेले, हे विचारण्याची जागा आमच्या तालुक्यात कोणती आहे, ते आपण मला कळवावे. हे सिमेंट परदेशातून येत नाही. राजुरा आणि कोरपना तालुक्यांतला चुनखडीचा दगड फोडून ते आमच्या उशाशी तयार होते, त्याची धूळ आमच्या कपाशीवर बसते आणि त्याचे ट्रक आमचे रस्ते उखडतात. तेच पोते आम्हाला नागपूर-मुंबईच्या माणसाइतकाच कर भरून विकत घ्यावे लागते.

परताव्याची कल्पनाच कायद्यात नाही, असे त्या खिडकीवर मला सांगितले गेले. माझा भाचा पुण्यात एका कर सल्लागाराकडे काम करतो. त्याने मला कायद्याची कलमे वाचून दाखवली. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ५४ मध्ये निर्यातदाराला परतावा आहे. कलम ५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि परदेशी वकिलाती यांना परतावा आहे. परत जाताना सामान बरोबर नेणाऱ्या परदेशी पर्यटकाला कर परत करण्याची तरतूदसुद्धा एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहून ठेवलेली आहे. दुकानदाराने भरलेला कर त्याला पुढच्या करातून वळता करता येतो. याच देशात, आपल्याच गावात, आपल्या कुटुंबासाठी घर बांधणाऱ्याचे नाव या यादीत कुठेही नाही. एका कुटुंबासाठीच्या सुट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटाला सरकारने २०१७ पासून करमाफी दिलेली आहे, म्हणजे असे घर बांधणारा माणूस सरकारला माहीत आहे. त्याच्या सिमेंट-लोखंडाजवळ आल्यावर मात्र सरकार त्याला ओळखेनासे होते.

ब्रिटनमध्ये जो स्वतः राहण्यासाठी घर बांधतो, त्याला साहित्यावर भरलेला २० टक्के मूल्यवर्धित कर परत मागता येतो, आणि ही तरतूद त्यांच्या १९९४ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. घर पूर्ण झाल्याचा पुरावा आणि बिले जोडून एकदाच अर्ज करायचा असतो. पूर्वी तीन महिन्यांत करावा लागणारा हा अर्ज डिसेंबर २०२३ पासून सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि तो ऑनलाइनही करता येतो. जीएसटीसारखाच तोही साखळीने चालणारा कर आहे. तिथला घरमालक आमच्यापेक्षा गरीब आहे, म्हणून त्याला ही सवलत मिळाली, असे तर आपण म्हणणार नाही.

घरकुल योजना आहे, मग तक्रार कशाची, असे आपले अधिकारी लिहून देतील. म्हणून तेही सांगतो. घरात जुनी मोटारसायकल असल्यामुळे माझे नाव यादीतून गळले. ती अट २०२४ मध्ये काढण्यात आली, तोपर्यंत माझा पाया भरून झाला होता आणि बांधकाम सुरू झालेल्याचा विचार होणार नाही, असे मला सांगितले गेले. ज्यांना घरकुल मिळाले, त्यांची स्थिती तरी काय आहे? सपाट भागासाठीची १ लाख २० हजारांची केंद्राच्या योजनेतली रक्कम २०१६ पासून तीच आहे. काळी जमीन असो की मुरमाड, रक्कम एकच आहे. ती सगळी सिमेंटवर खर्च केली असती, तर २८ टक्क्यांच्या काळात त्यातले २६,२५० रुपये कर म्हणून सरकारकडे परत गेले असते, आणि आज १८ टक्क्यांनीही १८,३०५ रुपये परत जातात. एका हाताने अनुदान देऊन दुसऱ्या हाताने त्याचा सातवा हिस्सा काढून घ्यायचा आणि फलकावर मात्र पूर्ण रक्कम लिहायची, हा व्यवहार सरळ नाही. २०२२ पर्यंत सर्वांना घर देण्याचे वचनही याच व्यवहारात मागे पडले.

नोकरदाराने कर्ज काढून घर घेतले, तर जुन्या करप्रणालीत त्याला दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. ती त्याला मिळू नये, असे मी म्हणत नाही. पण शेतकरी आयकर भरत नाही, असे टोमणे आम्ही आयुष्यभर ऐकतो, आणि जो कर आम्ही पोत्यापोत्यावर भरतो तो कोणाच्या हिशेबात दिसत नाही. शेतीतही असेच चालते. कीटकनाशकावर १८ टक्के भरायचे, ते वळते करायला आमच्याकडे नंबर नाही, आणि कापसाचा भाव ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही. साखळीतला प्रत्येक जण आपला कर पुढच्यावर ढकलतो, आणि पुढे ढकलायला कोणी उरत नाही तिथे आम्ही उभे असतो. कर माफ करणे सरकारला अवघड असते, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क एका अधिसूचनेने उठले आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत उठलेलेच राहिले. गिरण्यांची अडचण दिल्लीला तेवढ्या लवकर कळली, आणि आमचा नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर भाव मात्र दबला.

माझी मागणी अवघड नाही. स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्या कुटुंबाला, ठरावीक क्षेत्रफळापर्यंत, पक्क्या बिलांवरचा कर आयुष्यात एकदा परत द्यावा. घर पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायत देईल आणि अक्षांश-रेखांशासह फोटो काढण्याची व्यवस्था घरकुलासाठी गावोगावी आधीपासूनच आहे. परतावा मिळणार म्हटल्यावर प्रत्येक जण पक्के बिल मागेल आणि साध्या चिठ्ठीवर चालणारा धंदा उघड्यावर येईल, त्यात सरकारचाच फायदा आहे. हा निर्णय राज्यांच्या हातात आहे, असे उत्तर कृपया देऊ नये. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते, त्यामुळे केंद्राच्या होकाराशिवाय तिथे काहीही मंजूर होत नाही, हे मी आता वाचले आहे.

बिलांच्या छायाप्रती या पत्रासोबत पोस्टाने पाठवल्या आहेत. पत्र संबंधित विभागाकडे वर्ग केल्याची पोच मला नको आहे. परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेणार की नाही, आणि घेणार नसाल तर कोणत्या कारणाने, एवढे लेखी कळवावे.

आपला,
एक शेतकरी,
तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर