जुनी सीएनसी घेताना पाठीशी उभे राहिलेल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ती जुनी सीएनसी लेथ (संगणकाच्या हुकमाने चालणारं कातकामाचं मशीन) आता दोन्ही शिफ्टला चालते आहे आणि बिडाच्या कास्टिंगचं बोअर (आतलं भोक) पार्टीच्या गेजला बरोबर लागतंय. हे तुमच्यामुळे झालं. घरी येऊन आभार मानले तर तुम्ही चहा पाजून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळतो. आयुष्यभर मेंटेनन्स करून निवृत्त झालेले काका एवढंच लिहितो. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं ओळखतीलच.

आम्ही दोघा भावांनी पहिल्यांदा जे मशीन पसंत केलं होतं ते नुकतंच रंगवलेलं, चकचकीत होतं. तुम्ही रंगाकडे पाहिलंही नाहीत. दार उघडून स्लाइडवेवर, म्हणजे मशीनचे भाग ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांवर, बोट फिरवलंत आणि विचारलंत, "तेल कुठाय?" सेंट्रल ल्युब्रिकेशनचा पंप चालू होता, टाकी भरलेली होती, पण झेडच्या (लांबीच्या दिशेच्या अक्षाच्या) एका बाजूला तेलाचा थर नव्हता. लाइन चोंदलेली. बीड कापणाऱ्या मशीनवर तेल थांबलं की त्याची बारीक पूड स्लाइडवेवर दगडासारखी घासते, आणि आपल्या भागातली बहुतेक जुनी मशीनं बीडच कापून आलेली असतात, हे तुम्ही तिथेच उभं राहून समजावलंत. मग चकाजवळ (जॉब धरतो तिथे), मध्ये आणि पार टोकाला, असं तीन ठिकाणी डायल (काट्याचा मापक) लावून बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना पडणारी ढील, पाहिलात. टोकाला चांगला, चकाजवळ वाईट. काम सगळं चकाजवळ होतं, त्यामुळे झीजही तिथेच. आम्ही ते मशीन सोडलं. त्या एका दुपारमुळे आमचं कर्ज वाचलं, हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं.

दुसरं मशीन, म्हणजे आता जे आमच्याकडे आहे ते, बघायच्या आधी तुमची एकच अट होती: मशीन चालू करून दाखवणार असतील तरच जायचं. "गोडाऊनमध्ये आहे, लाइट दिली की सुरू होईल" हे वाक्य ऐकलं की गाडी वळवायची. त्यामागचं कारण मला तोवर माहीत नव्हतं. फॅनुक कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या संगणकाची) मेमरी ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकते. मशीन पडून राहिलं, बॅटरी मेली, की पॅरामीटर (मशीनच्या जुळणीचे आकडे) पुसले जातात. काही पॅरामीटर त्या एका मशीनपुरतेच असतात, दुसऱ्या मशीनचे उचलून घालता येत नाहीत. पॅनेलच्या दाराच्या आत खिशात त्यांचा छापील तक्ता सापडला तेव्हा तुम्ही आमच्यापेक्षा जास्त खूश झालात.

स्क्रीनवर तुम्ही आधी १८५१ नंबरचा पॅरामीटर उघडलात. तिथे बॅकलॅशची भरपाई भरलेली असते. तिथला आकडा मोठा असेल तर झीज सॉफ्टवेअरने झाकली आहे असं समजायचं, आणि डायलवर शून्य दिसलं तरी हुरळायचं नाही. मग ६७५० मध्ये मशीन किती मिनिटं चालू होतं आणि ६७५४ मध्ये प्रत्यक्ष कटिंग किती झालं ते पाहिलं. हे आकडे बदलता येतात, म्हणून तुम्ही त्यांच्यावर विसंबला नाहीत; स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) चांगला गरम होईपर्यंत फिरवलात, हेडस्टॉकला हात लावलात, स्पिंडलच्या नोजमध्ये (तोंडात) डायल घातलात, टरेटची (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याची) सगळी स्टेशनं फिरवून पाहिलीत. विकणारा कंटाळला. तुम्ही नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या प्रसंगाचे.

मशीन बसलं, अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा झाला, ४१५ चे २२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणि स्टॅबिलायझर लागला. आठवडे चांगले गेले, आणि मग एक्स मध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेला, साइज हलायला लागली. एक जॉब बसायचा, पुढचा ४० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सुटायचा. बघायला आलेला प्रत्येक जण एकच सांगून गेला: बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा) बदला. किंमत ऐकून भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. तुम्ही आलात, ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "बदलू की. आधी मोजू."

एक्सचं वरचं कव्हर काढलंत. बॉलस्क्रूच्या टोकाला जे सेंटरचं भोक असतं त्यात बोटभर ग्रीस लावून एक स्टीलची गोळी बसवलीत. डायलला चपटं टोक लावून ते गोळीवर टेकवलंत आणि मला हँडव्हील द्यायला सांगितलंत. थोडं पुढे, थोडं मागे. स्क्रू फक्त फिरायला हवा, पुढेमागे सरकायला नको. म्हणजे काटा जागचा हलता कामा नये. दिशा बदलली की काटा वीस मायक्रॉनच्या वर उडी मारत होता. व्यासात ते दुप्पट, म्हणजे आमचे हरवलेले ४० मायक्रॉन तिथेच होते. बॉलस्क्रू ठीक होता, नट ठीक होता. स्क्रूला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट सैल पडला होता. तुम्ही तो आवळलात, ग्रब स्क्रू बसवलात, पुन्हा तीच गोळी, तोच डायल. काटा थांबला.

काका, त्या वेळी तुम्ही भावाला बाजूला सारून काम उरकू शकला असतात. तुम्ही त्याच्या हातात पाना दिलात. "किती आवळायचं ते हाताला कळू दे," म्हणालात आणि शेजारी उभे राहिलात. आज शेजारच्या शेडवाले साइज हलली की त्याला बोलावतात, आणि तोही आधी ग्रीस आणि गोळी घेऊन जातो.

तुम्ही सांगितलेलं सगळं चालू आहे. बूट स्क्रीनवरून एसरॅमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या त्या मेमरीचा) बॅकअप कार्डावर घेतला, लॅडर (मशीनच्या स्विच-रिलेचा प्रोग्राम) वेगळा घेतला, एक प्रत शेडमध्ये आणि एक घरी ठेवली. स्क्रीनवर बॅट (बॅटरी संपत आल्याची खूण) लुकलुकायची वाट न बघता बॅटरी बदलतो, तीही कंट्रोल चालू असतानाच. पावसाळ्यात पॅनेलचं दार उघडं टाकून पंखा लावायची सवय बंद केली. ड्राइव्हचे स्वतःचे पंखे मात्र वेळच्या वेळी साफ होतात. पैसे तुम्ही घेतले नाहीत. काकूंनी तेवढी काकवी ठेवून घेतली, त्यांचेही आभार.

आता एक जुनं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) बघतोय, बीटी-४० मापाचं टूल होल्डर बसणाऱ्या स्पिंडलचं. चालू स्थितीत दाखवायला तयार आहेत. ड्रॉबारची (टूल स्पिंडलमध्ये घट्ट ओढून धरणाऱ्या दांड्याची) ओढ मोजायचा गेज कुणाकडून आणावा तेवढं सांगा, आणि तुमच्या सवडीचा दिवस कळवा. गाडी घेऊन दारात येतो.

तुमचाच,
शिरोलीचा थोरला